कपूरहोळला पेट्रोल संपलं

मैत्रीनं एका दुपारी न झोपायचं ठरवलं, आणि पुढचं सगळं त्यातून निघालं.

ठरवलं म्हणजे जाहीर वगैरे केलं नाही. जाहीर करणं तिच्या अंगातच नव्हतं. (लग्नात प्रतिज्ञासुद्धा ती इतकी हळू म्हणाली होती की भन्तेजींना माइक तिच्या नाकाला लावावा लागला. व्हिडिओत नाक फार ठळक आलंय.) तिनं फक्त डोळे मिटले नाहीत. पण कोथरूडच्या त्या सोसायटीत दुपारी एक ते चार जागं राहणं ही किरकोळ गोष्ट नव्हे. त्या वेळात तिथली लिफ्टसुद्धा चोरपावलांनी वर जायची. सासरे, म्हणजे भीमराव, पेपर तोंडावर पांघरून झोपत आणि श्वासाबरोबर अग्रलेख वर-खाली होई. सासूबाई, म्हणजे विजयमाला, ‘झोपत नाही गं, जरा पाठ टेकते’ असं म्हणायच्या आणि त्यातला शेवटचा ‘ते’ घोरण्यात विरून जायचा. नवरा, चेतन, हिंजवडीत कॉम्प्युटरपुढे. मैत्री चंद्रपूरची. तिथल्या बँकेत नोकरी, पुण्याला बदली मागितलेली, आणि ऑर्डर येईपर्यंत रजा. म्हणजे तिच्याजवळ वेळ भरपूर होता, फक्त तो ठेवायला या घरात अजून तिची अशी जागा नव्हती.

तर त्या दुपारी ती चपला हातात घेऊन जिना उतरली आणि पार्किंगमध्ये आली.

पार्किंगमध्ये गारवा होता. खांबांच्या मधून ऊन तिरकं येऊन फरशीवर पहुडलं होतं, कबुतरं अर्धवट झोपेत घुमत होती, आणि कोपऱ्यात जुन्या चादरीखाली भीमरावांची स्कूटर उभी होती. आकाशी रंगाची. म्हणजे एके काळी आकाशी. आता पुण्याच्या आकाशाचा जो काही रंग असतो, तो.

मैत्रीच्या वडिलांकडे हुबेहूब अशीच स्कूटर होती. घरातून निघताना तिघी बहिणींना कामं वाटून दिलेली असत. थोरली फाटक उघडायची, मधली सीट पुसायची आणि धाकटी मैत्री सीटखाली हात घालून पेट्रोलचा कॉक उघडायची. मग वडिलांबरोबर जोर लावून गाडी अंगाकडे कलती करायची, कारण जुन्या स्कूटरला निघण्याआधी एकदा असं कुशीवर घ्यावं लागतं, तरच पेट्रोल नीट खाली उतरतं आणि पहिल्या किकला गाडी बोलते, अशी त्या काळच्या तमाम पुरुषांची श्रद्धा होती. परत आल्यावर कॉक बंद करायचं काम वडिलांचं. (हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. मैत्रीच्या ते लक्षात यायला मात्र अजून बराच अवकाश आहे.)

तिनं चादर बाजूला केली आणि ती स्कूटरवर बसली. नुसतं बसायचं म्हणून. पण हँडल हातात आलं की माणूस नुसता बसत नाही. तिचा हात आपसूक सीटखाली गेला, कॉक फिरला. उतरून तिनं गाडी स्टँडवरच अंगाकडे कलती केली, सरळ केली, पुन्हा बसली, आणि निघाली.

किल्ली नव्हती. लागतही नव्हती.

पहिल्या दिवशी ती कात्रजपर्यंतच गेली. तिथल्या डेअरीबाहेर गाडी लावून एक बाटली थंड दूध प्यायली आणि परत आली. दुसऱ्या दिवशी बोगदा ओलांडला. बोगद्यातून बाहेर पडताना उजेड आधी नाण्याएवढा दिसतो, मग ताटाएवढा होतो, आणि मग एकदम सगळीकडेच होतो, तो तिला फार आवडला. एका वळणावर तिनं अंग इतकं झुकवलं की खांबावरचं कबूतर दचकून उडालं. पुढे पुढे रस्ते तिचं ऐकायला लागले. खंबाटकी उतरल्यावर खरं तर वाईचा फाटा लागतो. मैत्रीला मात्र तिथून चंद्रपूरच्या इरई धरणाचं पाणी दिसायचं, त्याच्या काठानं सागाची झाडं, आणि सागाच्या सावलीत पसरणीचा घाट सुरू व्हायचा. चंद्रपूर पूर्वेला आणि महाबळेश्वर दक्षिणेला, हे भूगोलात. दुपारी अडीच वाजता पार्किंगमध्ये भूगोल झोपलेला असतो.

लग्नानंतर लोणावळ्याला जायचं ठरलं होतं, ते चेतनच्या कंपनीतल्या कुठल्याशा रिलीजमध्ये वाहून गेलं होतं. मैत्रीनं त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. ती आपली आपण रोज जाऊन येऊ लागली. चार वाजायच्या आत परत, चादर जशीच्या तशी, आणि वर येऊन चहाचं आधण.

‘तुला दुपारची झोप मानवलीय हं,’ विजयमाला म्हणायच्या. ‘चेहरा कसा टवटवीत दिसतो.’

चार-पाच दिवसांतच एका संध्याकाळी भीमराव वाचनालयात जायला खाली उतरले आणि तसेच वर आले.

‘गळती आहे,’ ते दारातून म्हणाले.

हा शब्द त्यांनी ज्या सुरात उच्चारला तो सूर साध्या माणसाचा नव्हता. भीमराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते. उभं आयुष्य त्यांनी कालव्यांची गळती शोधली होती. कुठे भराव ओलावलाय, कुठे घूस लागलीय, कुठल्या शेतकऱ्यानं रात्रीतून पाइप टाकलाय, हे ते नुसतं बांधावरून चालत सांगत. आणि आता त्यांच्या स्वतःच्या स्कूटरखाली पेट्रोलचं थारोळं पडलं होतं.

त्यांनी पद्धतशीर सुरुवात केली. स्कूटरखाली वर्तमानपत्र अंथरलं. थेंब कुठे पडतो ते पाहून वर शोधत गेले. थेंब कार्ब्युरेटरखालून येत होता. मग जेवणाच्या टेबलावर घरच्यांचा वर्ग भरला.

‘आपल्या गच्चीवरच्या टाकीत तो बॉल असतो ना, विजू? पाणी भरलं की तरंगत वर येतो आणि नळ बंद करतो. कार्ब्युरेटरमध्ये तसंच आहे. छोटी वाटी, तिच्यात पेट्रोल, त्यावर तरंगणारा फ्लोट. वाटी भरली की फ्लोट वर येतो आणि एक सुई भोकात बसून पेट्रोल अडवते.’

‘आणि आपली टाकी रोज ओसंडून वाहते,’ विजयमाला म्हणाल्या. ‘तो बॉल तुम्ही कधी दुरुस्त करणार?’

‘ती सोसायटीची टाकी आहे.’

‘मग हे सोसायटीचं पार्किंग आहे.’

हे शेवटचं वाक्य सोसायटीचे चेअरमन तात्याराव यांनीही दुसऱ्या दिवशी उच्चारलं, मात्र अधिक सभ्यपणे. तात्याराव कधी आवाज चढवत नसत. त्यांना त्याची गरज पडत नसे.

‘भीमराव, पार्किंग आम्ही दर शनिवारी पाण्यानं धुतो. आपण रोज पेट्रोलनं धुता, त्याबद्दल सोसायटी आपली ऋणी आहे. पण कुणी बिडी टाकली तर आभाराचा ठराव करायला कमिटी उरायची नाही.’

‘दोन-चार दिवसांत काढतो दुरुस्त करून.’

‘रविवारपर्यंत. नाहीतर गाडी बाहेर रस्त्यावर. तिथे महापालिका आहे, ती उचलून नेईल.’

भीमरावांनी स्कूटर बिबवेवाडीला भैरूकडे नेली. वाटेत किती गॅरेजं लागतात ते सोडा, पण ही गाडी भैरूशिवाय कुणी उघडायची नाही असा जुना रिवाज होता. भैरूनं पाइप बदलला. दोन दिवसांनी पुन्हा गळती. भैरूनं गॅस्केट बदललं. पुन्हा गळती. शेवटी त्यानं गाडी दिवसभर दुकानात ठेवून घेतली. थेंबसुद्धा पडला नाही.

‘साहेब, हिला माझ्याकडं काय होत न्हाई,’ भैरू म्हणाला. ‘तुमच्या घरी काय तरी हाय.’

घरी काय आहे याचा शोध मग प्रत्येकानं आपापल्या परीनं घेतला. विजयमालांनी स्कूटरखाली स्टीलचं पातेलं ठेवलं. साचलेलं पेट्रोल वाया जाऊ नये म्हणून, आणि पेट्रोलनं डाग निघतात असं त्यांच्या आईनं सांगितलं होतं म्हणून, त्यांनी ते चेतनच्या ऑफिसच्या शर्टावरच्या भाजीच्या डागाला लावलं. या जुन्या स्कूटरच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलेलं असतं, हे त्यांच्या आईला ठाऊक नसावं. वाटाण्याएवढा डाग बटाटेवड्याएवढा झाला. चेतन तो शर्ट घाईत घालून गेला आणि त्या दिवशी मीटिंगमध्ये त्याच्या आजूबाजूच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या.

त्यानंतर चेतननं प्रश्न स्वतःच्या हाती घेतला.

‘बाबा, तुमचा अप्रोच चुकतोय,’ तो म्हणाला. ‘तुम्ही पार्ट बदलताय. आधी इश्यू रिप्रोड्यूस व्हायला हवा. कधी गळतं, कुठल्या कंडिशनला गळतं. डेटा पाहिजे.’

‘सकाळी कोरडी असते. संध्याकाळी ओली,’ भीमराव म्हणाले.

‘म्हणजे दुपारी काहीतरी होतं.’

‘दुपारी काय होणार? दुपारी सगळे झोपलेले असतात.’

मैत्री पोळ्या वाढत होती. तिनंही मान हलवली. दुपारी खरोखरच कुणी नसतं, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? (अशी ही निरीक्षणशक्ती. विजयमाला फोनवर कुणाशी बोलताहेत हे तिला त्यांच्या पदर सारखा करण्यावरून कळे. चेतनचा बॉस रजेवर असला तर तो चपला कशा काढतो यावरून कळे. त्या घरात तिच्या नजरेतून फक्त एकच माणूस निसटत होतं, आणि ते आरशाशिवाय दिसत नाही.)

शनिवारी दुपारी ती फार लांब निघाली होती. तात्यारावांच्या मुदतीचा शेवटचा दिवस उद्यावर आला होता, गाडी राहते की जाते ते ठाऊक नव्हतं, म्हणून आज महाबळेश्वर गाठायचंच असं तिनं मनाशी धरलं. ऊन कलतं होतं. कुठल्याशा घरातून कुकरच्या वाफेसारखा मंद घोरण्याचा आवाज येत होता, त्याचा तिनं इंजिन म्हणून उपयोग करून घेतला. पण कपूरहोळ आलं आणि गाडी आचके द्यायला लागली. पेट्रोल संपलं. आजूबाजूला पंप दिसेना, उसाच्या शेतातून वारा येत होता आणि लांब एक बगळा एका पायावर तिची गंमत बघत उभा होता. घाबरायचं काही कारण नव्हतं. तिनं चालत्या गाडीवरच, अगदी वडिलांसारखा, खाली न बघता हात सीटखाली घातला आणि कॉक रिझर्व्हला केला. गाडी पुन्हा सुरळीत चालली. तिला स्वतःचा इतका अभिमान वाटला की शिरवळपर्यंत ती हसतच होती.

त्या संध्याकाळी चेतननं घरच्यांना टीव्हीसमोर बसवलं आणि लॅपटॉप टीव्हीला जोडला. पडद्यावर माशाच्या काट्यासारखं एक चित्र आलं. माशाच्या डोक्यात ‘गळती’ लिहिलं होतं.

‘पाइप नवा. गॅस्केट नवं. म्हणजे ही कारणं बाद,’ एकेक काटा खोडत तो म्हणाला. ‘सुईचं टोक थोडं झिजलेलं असू शकतं, पण कॉक बंद असेल तर वरून पेट्रोलच येणार नाही, मग सुई कशीही असो. म्हणून आज मी बाबांच्या आधी खाली जाऊन कॉक चेक केला. बाबा, सकाळी बाजारातून आल्यावर कॉक कोण बंद करतं?’

‘मी.’

‘आज तो रिझर्व्हला होता.’

भीमराव पडद्यावरचा मासा बघत राहिले.

‘याआधी कधी?’

‘उघडा सापडला होता,’ भीमराव म्हणाले. आवाज एकदम खाली गेला होता. ‘तीन-चारदा. मला वाटलं, राहिला असेल. म्हणून बोललो नाही. पण रिझर्व्हला... रिझर्व्हला मी कशाला करीन?’

‘ह्यूमन एरर,’ चेतन हळूच म्हणाला. त्यालाही ते जड जात होतं, कारण तो पडद्याकडे बघून बोलत होता. ‘बाबा, वय होतं माणसाचं. त्यात लाज काय? मी एका माणसाशी बोललोय. सुदर्शन म्हणून आहे, बाणेरला कॅफे काढतोय. त्याला जुनी स्कूटर हवी आहे, शोसाठी. भिंत फोडून गाडी बाहेर येतेय असं दाखवायचं. उद्या सकाळी येईल.’

‘भिंत फोडून म्हणजे?’ विजयमालांनी विचारलं.

‘म्हणजे... अर्धी कापायची.’

मैत्री दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. रिझर्व्हला, हा शब्द तिच्या कानात पडला तेव्हा आधी तिला बगळा आठवला. मग ऊस. मग कपूरहोळ. आणि मग स्वतःचा सीटखाली गेलेला हात.

बोलायला हवं होतं. तिथेच, तेव्हाच. पण काय बोलणार? ‘मी रोज दुपारी स्टँडवरच्या गाडीवरून महाबळेश्वरला जाते’, हे वाक्य तिनं मनात तीन-चार प्रकारे करून पाहिलं. प्रत्येक प्रकारात शेवटी तिला कुणीतरी डॉक्टरकडे नेत होतं.

तिनं स्वयंपाकघरातून सुरुवात करायचं ठरवलं. ‘आई, ती गाडी आहे न, ती मी दुपारी...’

‘पुसतेस ना? माहितीये मला,’ विजयमाला म्हणाल्या. ‘मेल्या चादरीवर धूळच राहत नाही हल्ली. पण आता नको पुसू. उद्या जायचीच आहे.’

चेतनला सांगायला गेली तर तो कॉलवर होता. त्यानं एक बोट वर केलं. ते बोट खाली येईपर्यंत तिला झोप लागली.

सकाळी भीमराव तिच्याआधी उठून स्वयंपाकघरात उभे होते. गॅसचा रेग्युलेटर त्यांनी बंद केला, उघडला, पुन्हा बंद केला. मग नळाकडे गेले आणि तो फिरवून पाहिला. मैत्री दिसल्यावर थोडे ओशाळले.

‘मैत्री, मी आत्ता गोळी घेतली का गं?’

‘घेतली न बाबा. पाण्याचा ग्लास तुमच्या हातातच आहे.’

‘हं,’ ते ग्लासाकडे बघत म्हणाले. ‘आता असंच विचारत जावं लागेल.’

अठ्ठेचाळीस मैल कालवा तोंडपाठ असलेला माणूस एका छोट्याशा कॉकपायी स्वतःवरचा विश्वास घालवून बसला होता, आणि तो कॉक उघडणारी त्याच्यासमोर उभी राहून दुधावरची साय काढत होती. त्या दिवशी वंदनेला बसल्यावर ‘मुसावादा’पाशी, म्हणजे खोटं न बोलण्याच्या शीलापाशी, ती इतकी अडखळली की विजयमालांनी डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं. तिनं खोटं काही सांगितलं नव्हतं. पण गप्प राहणं कुठल्या शीलात बसतं, हे भन्तेजींना विचारायचं राहून गेलं होतं.

सुदर्शन आला तो टेप घेऊनच आला. केसांचा अंबाडा, पायात कोल्हापुरी. पार्किंगमध्ये त्यानं स्कूटरभोवती दोनदा फेरी मारली.

‘काका, काय पीस आहे! व्हाइब आहे हिला,’ तो म्हणाला. मग सीटच्या मागे टेप लावून खडूनं रेघ ओढली. ‘इथून कट घेऊ. मागचा भाग वेस्ट आहे, तो तुम्ही ठेवू शकता, हवा तर.’

‘मागचा भाग घेऊन मी काय करू?’ भीमरावांनी विचारलं.

‘बसता येईल,’ मागून तात्याराव म्हणाले. मुदत पाळली जातेय का ते बघायला ते जातीनं आले होते. ‘जाता मात्र येणार नाही.’

भीमरावांनी किल्ली काढली. तिला अडकवलेला दोरा बोटाभोवती गुंडाळत ते जरा वेळ उभे राहिले. मग सुदर्शनच्या हातावर ठेवता ठेवता म्हणाले, ‘नेताना कॉक तेवढा बंद आहे का बघा. मी विसरतो.’

‘बाबा विसरत नाहीत,’ मैत्री म्हणाली.

आवाज नेहमीपेक्षा बराच मोठा निघाला. पार्किंगला छप्पर असल्यामुळे तो घुमलाही. वरच्या मजल्यावर एक खिडकी उघडली.

‘कॉक मी उघडते,’ ती म्हणाली. ‘दुपारी.’

‘तू?’ चेतन म्हणाला. ‘तुला गाडी येते?’

‘नाही.’

‘मग कॉक कशाला उघडतेस?’

‘जायला.’

‘कुठे?’

मैत्रीनं फरशीकडे पाहिलं. फरशीनं काही सुचवलं नाही.

‘काल महाबळेश्वरला निघाले होते. कपूरहोळला पेट्रोल संपलं, म्हणून रिझर्व्हला केलं.’

सुदर्शननं टेपचं बटण दाबलं आणि टेप सर्रकन आत गेली.

‘स्टँडवरून?’ तात्यारावांनी खात्री करून घेतली.

‘हो.’

‘म्हणजे टोल वाचला.’

भीमराव मात्र तिच्याकडे वेगळ्याच नजरेनं बघत होते. पूर्वी बांधावर उभं राहून ओल्या मातीकडे बघत असतील तसे. ‘मैत्री,’ ते म्हणाले, ‘तू नक्की काय काय करतेस, क्रमानं करून दाखव.’

‘आत्ता? यांच्यासमोर?’

‘आत्ताच.’

मग तिनं दाखवलं. कॉक उघडला. गाडी स्टँडवरच अंगाकडे कलती केली, सरळ केली. सीटवर बसली. पुढचं ती दाखवणार नव्हती, पण हँडल हातात आलं आणि खांबामधून तेच ऊन आलं, आणि ती चांदणी चौकापर्यंत जाऊन आलीच. (खरं तर वाट नेहमी कात्रजवरून असे. पण लोकांसमोर एवढ्या लांब जायला तिला संकोच वाटला.)

स्कूटरखाली टप्प असा आवाज झाला. मग आणखी एक.

‘रिप्रोड्यूस झालं!’ चेतन ओरडला. बायको काय सांगतेय, वडिलांना काय वाटतंय, हे सगळं विसरून तो फरशीवर पालथा पडून थेंब बघत होता.

भीमरावही गुडघ्यावर बसले होते. ‘कलती केली की फ्लोट तिरका होतो,’ ते म्हणाले. ‘सुई झिजलेली, ती तशीच अडकते. दार उघडंच राहतं. आणि वरून कॉक चालू. भैरूच्या दुकानात कुणी गाडी कलती करत नाही, म्हणून तिथे गळत नाही. आणि मी तर आल्या आल्या कॉक बंदच करतो.’ ते थांबले. पुन्हा म्हणाले, ‘मी बंद करतो. रोज.’

‘करता हो,’ विजयमाला म्हणाल्या. ‘कुणी नाही म्हटलं?’

भीमरावांनी सुदर्शनच्या हातातली किल्ली परत घेतली, इतक्या सहज की जणू ती त्याला फक्त धरायला दिली होती. सुदर्शननं जाता जाता तात्यारावांच्या मोपेडकडे जरा आशेनं पाहिलं. तात्याराव नुसते त्याच्याकडे बघत राहिले, तसा तो निघून गेला.

जिना चढताना चेतननं मैत्रीला गाठलं. त्याच्या छातीवर फरशीवरचं काळं वंगण लागलं होतं.

‘एक विचारू? तू जायचीस तेव्हा मी मागे असायचो ना?’

मैत्रीनं खरं सांगायचं ठरवलं. आज तसाही दिवस खरं बोलण्याचाच होता.

‘पहिले दोन दिवस होतास. मग शिरवळला तुझा कॉल आला आणि तू उतरलास.’

दुसऱ्या जिन्यावर चेतननं खिशातून फोन काढला आणि बंद केला. (तो तासाभरानं पुन्हा चालू झाला. पण तासभर म्हणजे त्या घरातला विक्रम होता.)

भैरूनं सुई बदलली. वर्तमानपत्र कोरडं राहिलं. तात्यारावांनी ‘पार्किंग आता पूर्वीसारखं फक्त पाण्यानं धुतलं जाईल’ असं कळवलं. आणि भीमरावांनी जाहीर केलं की जी मुलगी खंबाटकी उतरते तिला गाडी आलीच पाहिजे. ते स्वतः शिकवतील.

पुढच्या रविवारी सकाळी सोसायटीतल्या गॅलऱ्या भरल्या. मैत्रीनं कॉक उघडला. गाडी कलती केली, सरळ केली. पहिल्या किकला इंजिन बोललं तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर एकदम सगळा रस्ता आला, बोगद्याचा नाण्याएवढा उजेड, पाणी, साग, घाट. भीमराव शेजारून चालत सांगत होते, ‘क्लच हळू सोड. हळू. घाई नाही.’ तिनं हळूच सोडला. निदान तिला तसं वाटलं. गाडीनं एक उडी घेतली, भीमराव मागे राहिले, चेतन बाजूला झाला, आणि स्कूटर सरळ तात्यारावांच्या जास्वंदीत जाऊन बंद पडली.

मैत्रीला कुठे लागलं नव्हतं. जास्वंदीचं एक फूल मात्र तिच्या कानावर येऊन बसलं होतं.

‘लागलं का गं?’ वरून विजयमालांनी विचारलं. ‘कुठवर गेलीस?’

भीमराव धापा टाकत पोचले. त्यांनी वाकून सीटखाली हात घातला, कॉक बंद केला, सुनेकडे बघितलं आणि फार मायेनं म्हणाले, ‘स्टँडवर छान चालवतेस तू.’